खणाचे पाउच, बटवा आणि पाकीट: भेट देण्यासाठी घरी कसे शिवावे

हळदीकुंकवाच्या वाणासाठी, लग्नघरातल्या परतीच्या भेटीसाठी किंवा परगावी निघालेल्या भाचीच्या हातात ठेवण्यासाठी स्वतः शिवलेले पाउच द्यावे, असे अनेकांच्या मनात असते. शिवणाची तोंडओळख असलेल्या कोणालाही हे काम जमते, पण पहिल्या प्रयत्नात बहुतेकांची गाडी त्याच दोन-तीन ठिकाणी अडते: चेन वाकडी बसते, अस्तर चेनमध्ये अडकते, नाहीतर पाकीट शिवून झाल्यावर त्यात नोट मावत नाही. पुढची सगळी मापे आणि क्रम मी स्वतः वारंवार वापरलेला आहे. घरातले साधे, सरळ टीप मारणारे शिवणयंत्र यासाठी पुरेसे आहे.

मापे इंच आणि सुतात दिली आहेत, कारण बाजारातला टेप आणि शिंपी दोघेही याच भाषेत बोलतात. १ इंच म्हणजे ८ सूत. जिथे वेगळे सांगितलेले नाही, तिथे शिलाईसाठी ३ सुतांची माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायचे जास्तीचे कापड, धरलेली आहे.

१. आधी वस्तू मोजा, मग कापड

पाउच दिसायला सुंदर झाले, पण त्यात काय ठेवायचे हे घेणाऱ्याला कळले नाही, तर ते कपाटात पडून राहते. म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी ते कोणासाठी आहे आणि त्यात नेमकी कोणती वस्तू जाणार आहे, हे ठरवावे. आजीचा चष्मा, आत्याच्या रोजच्या गोळ्यांच्या पट्ट्या, कॉलेजात जाणाऱ्या मुलीचे सॅनिटरी पॅड, मोबाइलचा चार्जर, या प्रत्येकाचे माप वेगळे असते. ती वस्तू समोर ठेवून तिची रुंदी, उंची आणि जाडी मोजावी. रुंदीत जाडी मिळवावी, हात आत जाण्यासाठी १ इंच मोकळीक द्यावी आणि दोन्ही बाजूंची मिळून ६ सुतांची माया वाढवावी, म्हणजे कापायच्या तुकड्याची रुंदी मिळते. उंचीचेही असेच.

पाकिटाच्या बाबतीत अंदाजाला जागाच नाही, कारण मापे ठरलेली आहेत. सध्याची ५०० रुपयांची नोट १५० मिमी लांब आणि ६६ मिमी रुंद आहे. २०० ची नोट १४६ मिमी आणि १०० ची १४२ मिमी लांब आहे, रुंदी तीच. म्हणजे ५०० ची नोट मावली की बाकीच्या मावतात. इंचात सांगायचे तर सहा इंचांना किंचित कमी लांबी आणि अडीच इंचांहून थोडी जास्त रुंदी. बँकेचे कार्ड, पॅन कार्ड आणि प्लास्टिकचे आधार कार्ड ही तिन्ही एकाच आकाराची, ८५.६ मिमी × ५४ मिमी, म्हणजे साधारण ३ इंच ३ सूत × २ इंच १ सूत असतात. पाकीट परदेशी राहणाऱ्या नातेवाइकासाठी असेल, तर तिथली नोटही पाहून घ्यावी. अमेरिकी डॉलरची नोट आपल्या ५०० च्या नोटेपेक्षा किंचितच लांब असते, पण ५० युरोची नोट ७७ मिमी रुंद असल्यामुळे आखूड पाकिटातून ती वर डोकावते. खाली दिलेल्या मापाच्या पाकिटात या तिन्ही नोटा बसतात.

२. कापडाची निवड

खणाचे कापड या कामाला फार शोभते. बारीक बुट्टी, दोन्ही कडांचे ठसठशीत काठ आणि गडद रंग यामुळे लहानशा तुकड्यातही नक्षी पूर्ण दिसते. मोठ्या फुलांच्या कापडाचे तसे होत नाही, पाउचच्या आकारात निम्मे फूल कापले जाते. खणाचे मूळ ठिकाण कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातले गुळेदगुड्ड. तिथले हातमागावरचे खण आणि यंत्रमागावर विणलेले त्याच नक्षीचे कापड, दोन्ही आपल्या बाजारात मिळतात. हातमागाचा खण अंगाला मऊ आणि रंगाला खोल असतो, पण विरळ विणीमुळे त्याच्या कडा लवकर सुटतात. यंत्रमागाचा, पॉलिएस्टर मिसळलेला खण शिवायला सोपा आणि रोजच्या वापराला टिकाऊ असतो, मात्र गरम इस्त्रीखाली तो आक्रसतो. पहिल्या खेपेला यंत्रमागाचे कापड घ्यावे आणि हात बसला की हातमागाकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन. संक्रांतीच्या वाणासाठी काळा खण आणि लाल अस्तर ही जोडी आवर्जून करून पाहावी.

घरातली जुनी नऊवारी किंवा इरकल वापरायची असेल, तर आधी तिची ताकद पाहावी. साडी उन्हासमोर धरून घड्यांच्या रेषा तपासाव्यात आणि दोन्ही हातांनी कापड आडवे-उभे ओढून पाहावे. जुने रेशीम घडीवर विरते आणि वरून धड दिसणारे कापड शिवताना सुईच्या रेषेवरच फाटते. असे कापड पाकिटाला घेऊ नये. त्याचा काठ मात्र बहुधा शाबूत असतो, तो साध्या सुती कापडावर पट्टी म्हणून लावला तर आईच्या किंवा आजीच्या साडीची आठवण रोज हाताळता येते. नव्या कापडाच्या भेटीत हे मोल येत नाही.

अस्तरासाठी पातळ, घट्ट विणीचे सुती कापड घ्यावे. पॉपलिन किंवा केंब्रिक उत्तम. अस्तराचा रंग शक्यतो फिका निवडावा, कारण गडद अस्तराच्या पाउचमध्ये कानातले किंवा किल्ली शोधताना दिसत नाही. सुती अस्तर वापरण्यापूर्वी एकदा पाण्यातून काढून, वाळवून इस्त्री करावे. नवे सुती कापड आटते आणि शिवल्यानंतर आटले तर बाहेरचा खण झोळ पडल्यासारखा दिसतो. जरीचा खण मात्र पाण्यात घालू नये.

किती कापड आणावे याचा हिशोब पन्ह्यावर, म्हणजे कापडाच्या रुंदीवर, असतो. ३६ इंच पन्ह्याच्या अर्ध्या मीटरमध्ये, काठ बाजूला ठेवूनही, ९ × ६.५ इंचांचे नऊ तुकडे निघतात, म्हणजे चार पाउच होतात आणि काठाची पट्टी वेगळी उरते.

३. लागणारे साहित्य

• खणाचे कापड, सुती अस्तर आणि पट्टीसाठी थोडे साधे सुती कापड.
• कापडाला ताठपणा देणारे, इस्त्रीने चिकटणारे फ्युजिंग: पाउचसाठी मध्यम जाडीचे, पाकिटाच्या बाहेरच्या भागासाठी थोडे जाड.
• नायलॉनची चेन. लहान पाउचला ३ नंबर, मोठ्याला ५ नंबर. मीटरवर मिळणारी चेन आणि सुटे रनर घेतले तर स्वस्त पडते आणि लांबी हवी तशी ठेवता येते.
• पॉलिएस्टरचा दोरा, कापडाच्या रंगाचा.
• मशीनच्या सुया, १४ आणि १६ नंबरच्या.
• चेन लावण्यासाठी एका बाजूने बोट असलेला फूट, म्हणजे मशीनचा कापड दाबून धरणारा भाग. मशीनच्या सुट्या भागांच्या दुकानात ‘चेन फूट’ म्हणून मिळतो.
• कापडाची धारदार कात्री आणि कागदासाठी वेगळी कात्री.
• टेप, लांब पट्टी, शिंप्याचा खडू, टाचण्या, टाके उसवायचे हत्यार, हातशिलाईची सुई.
• इस्त्री आणि कापडावर ठेवायला पातळ सुती फडके.
• बटव्यासाठी गोंडे लावता येतील अशी नाडी.

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेत, मुंबईत दादर आणि भुलेश्वरच्या बाजारात हे सगळे एका फेरीत मिळते. लहान गावात फ्युजिंग मिळाले नाही, तर शर्टाच्या कॉलरचे सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारावे. चेन घेताना रनर दुकानातच दोन-चार वेळा पुढे-मागे सरकवून पाहावा, कारण पाउचचा जो भाग सर्वांत आधी बिघडतो तो रनरच असतो.

४. फ्युजिंग आधी, कापणी नंतर

खणाचे तुकडे आधी कापून मग फ्युजिंग लावले, तर इस्त्रीच्या दाबाखाली तुकडा तिरपा होतो आणि कडांचे धागे सुटत राहतात. म्हणून गरजेपेक्षा थोडा मोठा खण घेऊन त्याच्या उलट्या बाजूला आधी फ्युजिंग चिकटवावे आणि त्यानंतरच मापे आखून कापावे. या एका सवयीने निम्मा त्रास वाचतो.

फ्युजिंगची डिंकाची बाजू बोटाला खडबडीत लागते आणि उजेडात तिच्यावर बारीक चकाकते ठिपके दिसतात. ती बाजू कापडाच्या उलट्या बाजूवर ठेवून, वर सुती फडके अंथरून, इस्त्री दाबून धरावी. इस्त्री घासत नेली तर फ्युजिंग सरकते आणि सुरकुती कायमची बसते. एका जागी साधारण दहा सेकंद दाबावे, उचलावे, शेजारी ठेवावे. इस्त्रीचा आकडा रेशमावर ठेवून आधी चिंधीवर पाहावे. कापड पूर्ण गार होईपर्यंत हलवू नये, कारण डिंक गार होतानाच घट्ट धरतो.

आखताना टेप वापरू नये, पट्टी वापरावी. टेप कापडावर वाकतो आणि दोन सुतांचा फरक सहज पडतो, जो पाकिटात लगेच दिसतो. काठ पाउचवर घ्यायचा असेल तर तो वरच्या कडेपासून किमान दीड इंच खाली येईल असे आखावे. चेनच्या शिलाईत जरीचा जाड काठ आला की सुई अडखळते आणि टाके सुटतात.

५. हात बसवण्यासाठी बटवा

चेन नसल्यामुळे बटवा सर्वांत सोपा. खणाचे ७ × ९ इंचांचे दोन तुकडे आणि अस्तराचे तेवढेच दोन तुकडे कापावेत. खणाचे तुकडे सुलट बाजू एकमेकींवर ठेवून दोन्ही बाजू आणि तळ शिवावा, पण दोन्ही बाजूंना वरच्या कडेपासून १ इंच ३ सूत ते १ इंच ७ सूत एवढी फट नाडीसाठी मोकळी ठेवावी. फटीच्या वर आणि खाली टीप उलट-सुलट मारून पक्की करावी. अस्तरही असेच शिवावे, त्याला बाजूच्या फटी नकोत, मात्र तळाला तीन इंच जागा उघडी ठेवावी.

खणाची पिशवी सुलट करून, उलट्या असलेल्या अस्तराच्या पिशवीत घालावी, म्हणजे दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींना लागतात. वरच्या तोंडाशी गोल टीप मारावी, अस्तराच्या तळातल्या जागेतून सगळे बाहेर ओढावे आणि ती जागा हाताने शिवून टाकावी. इस्त्री करून, तोंडापासून १ इंच आणि दीड इंच अंतरावर दोन गोल टिपा मारल्या की नेफा तयार होतो. २० इंचांच्या दोन नाड्या घ्याव्यात. एक डावीकडच्या फटीतून घालून पूर्ण फेरी मारून डावीकडेच बाहेर काढावी, दुसरी उजवीकडून उजवीकडे. दोन्ही बाजूंनी ओढले की तोंड घट्ट आवळते. एकाच नाडीचा बटवा एका बाजूला कलतो, म्हणून दोन घ्याव्यात.

६. चेनचे पाउच

येथून पुढे सावकाश जावे. खणाचे आणि अस्तराचे ९ × ६.५ इंचांचे प्रत्येकी दोन तुकडे घ्यावेत. तयार पाउच साधारण सव्वाआठ इंच रुंद आणि सहा इंचांच्या आसपास उंच होते, ज्यात पेन, चष्मा, चार्जर किंवा प्रवासातली औषधे नीट राहतात.

आधी चेन तयार करावी. चेन ८ इंचांवर कापावी आणि रनर चढवावा. रनर चढवताना चेनची दोन्ही टोके अगदी सारखी कापलेली हवीत. एक टोक एखादा दात पुढे गेला तरी चेन बंद झाल्यावर एका बाजूला फुगवटा येतो. रनर मधोमध आणून दोन्ही टोकांना दातांवरून हाताने चार-पाच टाके घालावेत, म्हणजे तो निसटत नाही. त्यानंतर सुती कापडाचे दोन छोटे तुकडे दुमडून चेनच्या दोन्ही टोकांवर २ सूत चढवून शिवावेत आणि चेन व टोके मिळून लांबी बरोबर ९ इंच होईल असे जास्तीचे कापून टाकावे. ही कापडी टोके लावण्याचा कंटाळा अनेकजण करतात, पण तीच पाउचच्या वरच्या कोपऱ्यांना आकार देतात. चेन थेट बाजूच्या शिलाईत गेली तर कोपरा आत ओढला जातो, सुलट करताना तो बाहेर निघत नाही आणि दातांवर सुई आपटून मोडण्याची भीती वेगळीच.

आता थर लावायचे. खणाचा एक तुकडा सुलट बाजू वर करून ठेवावा. त्याच्या वरच्या कडेला चेन पालथी ठेवावी, म्हणजे रनरची मूठ खणाकडे तोंड करून राहील. त्यावर अस्तराचा तुकडा सुलट बाजू खाली करून ठेवावा. तिन्ही कडा जुळवून टाचण्या लावाव्यात. नव्या हाताने इथे टाचण्यांवर न थांबता लांब टाक्यांचा धावदोरा घालावा, कारण तीन थरांमध्ये मधला थर दिसत नाही आणि तोच सरकतो. चेन फूट लावून, कडेपासून २ सूत अंतरावर टीप मारावी. एका इंचात साधारण दहा टाके यावेत. रनर जवळ आला की सुई कापडात रुतवून ठेवावी, फूट उचलावा, रनर मागे सरकवावा, फूट खाली घेऊन पुढे जावे. रनरला वळसा घालून शिवले तर टीप नेमकी तिथेच वाकडी होते आणि चेन उघडताना रोज डोळ्यात भरते.

खण आणि अस्तर दोन्ही चेनपासून मागे दुमडून, उलट बाजू एकमेकींना लावून इस्त्री करावी आणि घडीपासून १ सूत अंतरावर खणाच्या बाजूने वरून दाबाची टीप मारावी. या टिपेसाठी टाका थोडा मोठा, इंचाला आठ, ठेवावा. ही टीप शोभेसाठी आहे असे समजून ती गाळू नये. अस्तर चेनच्या दातांत अडकू नये यासाठी तिच्याइतका दुसरा खात्रीचा उपाय नाही. चेनच्या दुसऱ्या बाजूलाही याच क्रमाने खण, चेन, अस्तर असे थर लावून शिवावे आणि दाबाची टीप मारावी.

यानंतर चेन निम्मी उघडावी. शेवटची शिलाई बंद चेनवर झाली, तर पाउच सुलट करायला वाट उरत नाही आणि सगळी टीप उसवावी लागते. चेन उघडली का, हे मशीनवर बसण्याआधी पुन्हा एकदा पाहावे.

खण खणावर आणि अस्तर अस्तरावर, सुलट बाजू आत, असे पसरावे. चेनच्या कापडी टोकांवरची माया अस्तराकडे वळवावी. अस्तराच्या तळाला तीन इंच जागा सोडून चारही बाजूंनी ३ सुतांच्या मायेने टीप मारावी. चेनच्या टोकांजवळ थर जाड असतात, तिथे चाक हाताने फिरवून हळू न्यावे. टीप कापडी टोकावर यावी, चेनच्या दातांवर नाही.

पाउच उभे राहावे असे वाटत असेल तर सुलट करण्यापूर्वी तळाचा प्रत्येक कोपरा असा चपटा करावा की तळाची शिलाई आणि बाजूची शिलाई एकमेकींवर येतील. तयार झालेल्या त्रिकोणाच्या टोकापासून १ इंचावर आडवी टीप मारावी. खणाचे दोन आणि अस्तराचे दोन, असे चारही कोपरे करावेत. तळाला २ इंचांची बैठक येते, मात्र उंची १ इंचाने कमी होते, हे आधीच धरून कापड वाढवून घ्यावे.

कोपऱ्यांची जास्तीची माया टिपेपासून १ सूत सोडून तिरपी कापावी, पाउच अस्तरातल्या जागेतून सुलट करावे आणि कोपरे बोथट टोकाने, विणकामाच्या सुईच्या मागच्या बाजूने वगैरे, बाहेर काढावेत. कात्रीच्या टोकाने ढोसले की खण फाटतो. अस्तराची उघडी जागा बारीक हातशिलाईने बंद करून शेवटची इस्त्री करावी.

७. दोन घडीचे पाकीट

पाकिटात यंत्राचे काम थोडे आणि मापाचे काम जास्त. चार कार्डे आणि नोटांचा एक कप्पा असलेले, उघडे असताना साडेआठ इंच रुंद आणि पावणेचार इंच उंच असे हे पाकीट आहे. कापायचे तुकडे असे:

• बाहेरचा खण, जाड फ्युजिंग लावलेला: ८ इंच ४ सूत × ४ इंच १ सूत.
• नोटांच्या कप्प्याचे अस्तर: वरच्याच मापाचे.
• कार्डांची पट्टी, पातळ सुती, फ्युजिंग न लावता: ८ इंच २ सूत × १० इंच ७ सूत.
• कार्डांच्या पट्टीची पाठ: ८ इंच २ सूत × ३ इंच ७ सूत.
• कडेसाठी दीड इंच रुंद उरेब, म्हणजे विणीला तिरपी कापलेली, पट्टी, २० इंच लांब.

कार्डांची पट्टी आणि तिची पाठ हे आतले तुकडे बाहेरच्यापेक्षा २ सूत अरुंद आहेत. पाकीट मिटले की बाहेरच्या थराला मोठा वळसा पडतो आणि आतल्याला लहान. दोन्ही सारखे कापले तर मिटलेल्या पाकिटात आतले कापड गोळा होते आणि पाकीट मिटून राहत नाही.

कार्डांचे कप्पे वेगवेगळे शिवण्याची गरज नाही, एकाच पट्टीच्या घड्यांतून ते तयार होतात. पट्टीची सुलट बाजू वर ठेवून, वरच्या कडेपासून पुढील अंतरांवर खडूने आडव्या रेषा आखाव्यात: ३ इंच १ सूत, ४ इंच ७ सूत, ७ इंच १ सूत आणि ८ इंच ७ सूत. पहिल्या रेषेवर कापड वर घ्यावे, दुसऱ्या रेषेवर खाली सोडावे, तिसऱ्यावर पुन्हा वर आणि चौथ्यावर पुन्हा खाली. प्रत्येक घडीला इस्त्री करूनच पुढे जावे. सगळ्या घड्या झाल्यावर पट्टीची उंची ३ इंच ७ सूत भरली पाहिजे, म्हणजे पाठीच्या तुकड्याइतकी. भरत नसेल तर कुठली तरी रेषा चुकली आहे, ती आत्ताच शोधावी. प्रत्येक कप्प्याची खोली पावणेदोन इंच येते आणि कार्ड ३ सूत वर राहते, जेणेकरून बोटाच्या चिमटीत ते धरता येते. कप्प्यांच्या वरच्या दोन्ही घड्यांवर १ सूत अंतरावर टीप मारावी, पण ती मारताना फक्त त्या घडीचे दोन थर मशीनखाली घ्यावेत, मागचा थर बाजूला ठेवावा.

आता पट्टी आणि पाठ सुलट बाजू आत घेऊन वरची कड ३ सुतांच्या मायेने शिवावी, सुलट करावी, इस्त्री करावी आणि वरून टीप मारावी. मग मधोमध उभी रेषा आखून पट्टी आणि पाठ दोन्ही धरून एक टीप वरपासून खालपर्यंत मारावी. दोन-दोन करून चार कप्पे झाले. ही मधली टीप बाहेरचा खण जोडण्यापूर्वीच मारायची असते. सगळे जोडल्यानंतर मारली, तर नोटांचा कप्पाही मधोमध दोन भागांत वाटला जातो आणि सबंध नोट त्यात जात नाही.

बाहेरचा खण आणि त्याचे अस्तर सुलट बाजू आत घेऊन वरची कड शिवावी, सुलट करून इस्त्री करावी आणि वरून टीप मारावी. अस्तराची बाजू वर करून त्यावर कार्डांची पट्टी ठेवावी. खालची कड आणि दोन्ही बाजूंच्या कडा जुळवाव्यात. पट्टी २ सूत अरुंद असल्यामुळे बाहेरचा खण मध्ये किंचित फुगेल, तो तसाच फुगू द्यावा आणि ओढून सपाट करू नये. पट्टीची वरची कड खणाच्या कडेपेक्षा २ सूत खाली राहते, त्यामुळे नोटांचा कप्पा नजरेला दिसतो आणि उघडतो. तिन्ही बाजूंना धावदोरा घालावा आणि त्याच वेळी एक ५०० ची नोट व चार कार्डे घालून, पाकीट मिटून पाहावे. काही बदलायचे असेल तर ते इथेच शक्य आहे.

खालचे दोन कोपरे १० रुपयांचे नाणे ठेवून गोल आखावेत आणि कापावेत. उरेब पट्टी वळणावर ताणली जाते, म्हणून सरळ पट्टी चालत नाही. पट्टी खणाच्या सुलट बाजूवर कड जुळवून ठेवावी, दोन्ही टोके वरच्या कडेपलीकडे अर्धा इंच सोडावीत, आणि २ सूत अंतरावर तिन्ही बाजूंनी शिवावे. इथे १६ नंबरची सुई हवी, कारण घड्यांच्या जागी थर बरेच होतात. वरची टोके आत मुडपून पट्टी आतल्या बाजूला वळवावी आणि ती हातशिलाईने हेम करावी. मशीनने करता येते, पण मागची टीप पट्टीवर नेमकी पडणे अवघड जाते. भेटवस्तूच्या कडेला हातशिलाईच शोभते, असे माझे मत आहे.

पाकीट मिटून त्यावर वजनदार पुस्तक रात्रभर ठेवावे म्हणजे घडी बसते. मिटण्यासाठी बटण हवेच असेल तर टिचबटण लावावे. चुंबकाचे बटण टाळलेले बरे, कारण कार्डांवरच्या चुंबकीय पट्टीजवळ ते रोज राहणार असते.

८. भेट देण्यापूर्वी

संख्येचा हिशोब प्रामाणिकपणे करावा. हळदीकुंकवाला पन्नास बायका येणार असतील तर पन्नास बटवे शिवणे शक्य आहे, पन्नास पाकिटे शिवणे घरच्या माणसाला झेपणारे नाही. पाकीट जवळच्या चार-पाच जणांसाठी ठेवावे. एकाच प्रकारची बरीच नग शिवायची असतील तर एक पूर्ण करून दुसरे घेण्यापेक्षा सगळ्यांचे फ्युजिंग एका दिवशी, सगळ्यांची कापणी दुसऱ्या दिवशी, सगळ्या चेन तिसऱ्या दिवशी, असे काम लावावे. दोरा आणि फूट वारंवार बदलावे लागत नाहीत आणि हाताला एकच वळण पडत गेल्याने टीप सरळ येते. मात्र त्या आधी एक नग पूर्ण शिवून, त्यात खरी वस्तू घालून पाहिलेली असावी.

प्रत्येक पाउच देण्याआधी चेन दहा-बारा वेळा उघडून मिटावी. जड जात असेल तर दातांवर मेणबत्ती घासून रनर पुढे-मागे न्यावा. धाग्यांची टोके कापावीत, अस्तर बाहेर काढून आत टाचणी राहिलेली नाही ना हे बोटांनी चाचपून पाहावे. लहान मुलांच्या हाती जाणाऱ्या पाउचच्या बाबतीत ही तपासणी दोनदा करावी. पाकीट रिकामे देण्याची आपल्याकडे पद्धत नाही, आत एक रुपयाचे नाणे ठेवावे.

सोबत एक छोटी चिठ्ठी घालावी, कारण घेणाऱ्याला कापडाची माहिती नसते आणि पहिल्याच धुण्यात खणाचा रंग अस्तराला लागू शकतो. चिठ्ठीत एवढे लिहिले तरी पुरते: पाण्यात भिजवू नये, डाग पडल्यास ओलसर फडक्याने पुसावे, अस्तर बाहेर काढून झटकावे, इस्त्री उलट्या बाजूने आणि फडके ठेवून करावी.